राखणदार हजर

१

रविवारी दुपारी चार वाजता सायलीनं ग्रोथ रूमचं दार उघडलं, तेव्हा आतल्या अठरा हजार बाटल्यांमधली केळीची रोपं मेलेली होती. तिनं मला फोन केला. "ऋतुराज, पालक उकडल्यावर दिसतो ना, तशी झालीत सगळी. ये लवकर."

मी वेरूळला होतो, चुलतभावाच्या पोराच्या जावळात. तिथनं आमची चितेगावची कंपनी म्हणजे अख्खं संभाजीनगर ओलांडून पलीकडं. मे महिन्याचं ऊन, गाडीची सीट तव्यासारखी तापलेली. दीड तासात पोचलो आणि सगळ्या रस्ताभर एकाच माणसाला शिव्या घालत आलो. तो माणूस म्हणजे आमचे कडुबाकाका. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगणार आहे त्यात माझं तोंड काळं होणार आहे, तर सुरुवातीपासनंच होऊ द्या.

आमच्या कंपनीत केळी बाटलीत वाढते. रोपाचा इवलासा तुकडा, खाली जेलीसारखं खाद्य, वर झाकण, आणि अशा बाटल्या थंड खोलीत ट्यूबलाइटखाली मांडलेल्या. तीच ग्रोथ रूम. तिला पंचवीस डिग्री लागते. चाळीसच्या पुढं रोपं जीव सोडतात. सायलीनं आत जाऊन मोजलं तर सत्तेचाळीस होतं.

या खोलीवर नजर ठेवायला कॉम्प्युटर आहे. त्यात एक प्रोग्रॅम पडद्यामागं सतत चालू असतो, आम्ही त्याला नुसतं सर्व्हिस म्हणतो. तिनं दर मिनिटाला तापमान वाचायचं, लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या वहीत, एक ओळ लिहायची आणि अठ्ठावीसच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा. ही बया अधूनमधून अडकते. बंद पडली तर निदान कळेल तरी, पण ही नुसती गोठून बसते. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती दर पाच मिनिटांनी लॉग बघते. दहा मिनिटांत नवी ओळ आली नसली की सर्व्हिस अडकली असं धरून तिला मारते आणि पुन्हा चालू करते. सगळं ठीक असलं की खोलीला लागून असलेल्या कंट्रोल केबिनवर हिरवा दिवा. या स्क्रिप्टचं नाव मी 'राखणदार' ठेवलं होतं. आठवड्यातनं दोन-तीनदा तो सर्व्हिसला उठवून बसवायचा आणि मी चहाच्या टपरीवर मिशीला पीळ द्यायचो.

त्या रविवारी भोंगा वाजला नाही. राखणदारानं कुणाला उठवलं नाही. आणि केबिनमध्ये सकाळपासनं एकटे कडुबाकाका होते.

"झोपले असाल!" मी पायऱ्या चढता चढताच ओरडलो. सायली होती, इलेक्ट्रिशियन बन्सी होता, गेटवरची दोन माणसं होती. "देखभालीचं बटन दाबलं आणि ताणून दिली, दुसरं काय!"

हे बटन केबिनमध्ये असतं. खोली धुताना भोंगा बोंबलू नये म्हणून ते दाबायचं. दाबलं की सर्व्हिस थांबते, पडद्यावरचा आकडा आहे तिथंच राहतो आणि राखणदारही गप्प बसतो. माझ्या मते कोडं सुटलं होतं.

कडुबाकाका अठ्ठावन्न वर्षांचे, केबिनमध्ये बसून खोली सांभाळायचं त्यांचं काम. मी सात वर्षांपूर्वी इथं लागलो तेव्हा पहिले सहा महिने माझा डबा त्यांच्या डब्यातनं निघायचा. मला कायम 'भाऊ' म्हणायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नाय साहेब," ते म्हणाले. "म्या बटन नाय दाबलं."

साहेब. सात वर्षांत पहिल्यांदा.

२

आमचे मॅनेजर श्रीधर सर. त्यांनी सोमवारी सकाळी दोन गोष्टी केल्या. कडुबाकाकांना कामावरून काढायचं पत्र टाइप करून टेबलावर ठेवलं आणि कालिंदीबाईंना बोलावलं. "मंगळवारी चार वाजता मी या पत्रावर सही करणार," ते म्हणाले. "त्याआधी तुम्हाला काही वेगळं सापडलं तर सांगा."

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांच्या गावी, बिडकीनच्या पारावर रोज चार माणसं त्यांना रामराम घालतात. झोपला म्हणून हाकललेला माणूस, हे बिरुद घेऊन त्या पारावरनं त्यांना जावं लागलं असतं.

कालिंदीबाई धर्माधिकारी आमच्या अंतर्गत हिशेबतपासनीस. उस्मानपुऱ्यात एकट्या राहतात, लवंग चघळतात, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवतात. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि त्याची त्यांना जराही लाज नाही.

"ऋतुराज, रविवारचा लॉग मला कागदावर दे. सकाळी आठ ते दुपारी चार."

"पडद्यावरच दाखवतो ना मॅडम."

"पडद्यावर मला हिरव्या पेन्सिलनं खुणा करता येत नाहीत. कागद दे."

मी आठ पानं छापून दिली. मी स्वतः ती वाचली नाहीत. आदल्या संध्याकाळीच मी लॉगमधल्या फक्त तापमानाच्या ओळी वेगळ्या काढून बघितल्या होत्या. शेवटची ओळ अकरा बेचाळीसची, २५.१ डिग्री. त्यानंतर तापमान नाही. मला तेवढं पुरे होतं.

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. मी कोपऱ्यात बसलो, कॉम्प्युटरचं काही निघालं तर समजावून सांगायला.

पहिला बन्सी. गेल्या महिन्यात रविवारच्या ड्यूटीवरनं त्याचं आणि सरांचं वाजलं होतं, त्यामुळं तो आधीच घाम पुसत होता.

"मॅडम, सच्ची बात सांगतो, मी पंपरूममध्ये मॅच बघत होतो. पावणेबाराच्या आसपास लाइटनं एक झटका दिला. पंखा बसला, परत उठला. एसीचा कंप्रेसर तेव्हाच ट्रिप झाला असणार, उन्हाळ्यात होतोच तो."

"मग बघायला का गेला नाहीस?"

"भोंगा वाजला की मी पळतो. भोंगा नाही म्हंजे सब ठीक."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सायली. लॅबची सुपरवायझर, ग्रोथ रूमची किल्ली तिच्याकडं. शेंद्र्याच्या एका लॅबनं तिला बोलावणं धाडलंय ही कुजबुज महिनाभर चालू होती, आणि मी, हरामखोर, सकाळीच तेही बाईंच्या कानावर घातलं होतं.

"साडेबाराला आले होते मी," सायली म्हणाली. "सोमवारच्या मालाचे ट्रे ठेवायला. खोलीत नाही गेले. दार उघडलं की धूळ जाते आत, म्हणून विनाकारण उघडत नाही."

"सगळं ठीक आहे हे कशावरून ठरवलंस?"

"दिवा हिरवा होता. मॅडम, मी दारापासनं दोन हातांवर होते हो. नुसतं उघडलं असतं तरी निम्मी वाचली असती."

शेवटी कडुबाकाका. टोपी हातात घेऊन उभे राहिले. बाईंनी बसा म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"कडुबा, खोली तापलीय हे तुम्हाला जाणवलं नाही?"

"जाणवलं बाई. काच गरम लागली हाताला. पर पडद्यावर पंचवीस व्हतं, दिवा हिरवा व्हता."

"मग कुणाला कळवलं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. एक क्षणभरच. मग फरशीकडं बघत म्हणाले, "नाय."

"बरं. आणि लिहायचं काम तर मार्चपासून बंद झालंय ना तुमचं? मग खिशाला पेन कशाला?"

"सवय हाय बाई."

ते खरं होतं. आधी ते तासातासाला रजिस्टर लिहायचे. खोलीच्या काचेला आतून एक साधा काचेचा थर्मामीटर टांगलेला होता, बाहेरनं आकडा वाचून वहीत टिपायचे. मार्चमध्ये मी थर्मामीटर काढायला लावला आणि रजिस्टर बंद केल्याचा कागदही काढला. "काका, आता सिस्टिम आहे. हे बाबा आदमच्या काळातलं सोडा," असं हसत हसत म्हणालो होतो.

काका उठून गेले. मी खाली मान घालून बसून राहिलो. कारण त्यांनी रविवारी कळवलं होतं. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मला फोन आला होता. बँड वाजत होता, मी कानात बोट घालून बोललो.

"भाऊ, काच गरम लागायली."

"दिवा कोणता आहे काका?"

"हिरवा."

"मग झालं तर! जेवण करा, पडा जरा वेळ."

पडा जरा वेळ म्हणणारा मी. आणि चार तासांनी चार माणसांदेखत 'झोपले असाल' म्हणून ओरडणाराही मीच. काका त्या फोनबद्दल बोलले नाहीत. मी तर नाहीच बोललो.

३

मंगळवारी अकरा वाजता बाईंनी मला एकट्याला बोलावलं. समोर आठ पानं, त्यांच्यावर हिरव्या खुणा.

"तुझं म्हणणं कडुबांनी बटन दाबलं."

"दुसरं काही शक्यच नाही मॅडम. सर्व्हिस नुसती अडकली असती तर राखणदारानं उठवली असती. त्यानं उठवली नाही, म्हणजे अडकलीच नव्हती, कुणीतरी हातानं थांबवली."

"बटन दाबल्यावर दिवा कोणता लागतो?"

माझाच दिवा, मीच बसवलेला.

"पिवळा," मी म्हणालो.

"सायलीनं साडेबाराला हिरवा पाहिला. आता, कडुबांना वाचवावं असं त्या मुलीला काही नाही. उलट बटन दाबलं होतं असं निघालं तर तिचीच सुटका. तरी ती हिरवा म्हणते." त्यांनी लवंग इकडची तिकडं केली. "दुसरं. गुरुवारी खोली धुतली तेव्हाचं पानही मी काल तुझ्या शेजारच्या मुलीकडून छापून घेतलं. त्यात 'देखभाल सुरू' अशी ओळ आहे. रविवारच्या पानांत ती नाही."

"नंतर पुसली असेल."

"कोणी? कडुबांनी?" बाई पहिल्यांदाच हसल्या. "त्यांना फोनवरचा गजर बंद करायला सायली लागते."

तोपर्यंत खरंच माझी खात्री होती हो.

"मग बटन दाबलेलं नाही. पावणेबाराला विजेचा झटका आला, त्यातच कंप्रेसर बसला आणि तुझी सर्व्हिसही अडकली. इतकं साधं. राहिलं एकच, राखणदारानं तिला का उठवलं नाही?" त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "मी सगळ्यांना एकच विचारलं, सगळं ठीक आहे हे कशावरून ठरवलंत. बन्सी भोंग्याच्या भरवशावर. सायली दिव्याच्या. कडुबाही दिव्याच्या. दिवा कुणाच्या भरवशावर?"

"राखणदाराच्या."

"आणि राखणदार?"

"लॉगच्या. लॉगमध्ये ओळी येतायत का, एवढंच तो बघतो."

"कुठल्या ओळी?"

"कुठल्याही. नवी ओळ आली म्हणजे सर्व्हिस जिवंत."

"अच्छा. आणि लॉगमध्ये लिहितं कोण?"

"सर्व्हिस."

"फक्त सर्व्हिस?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. शुक्रवारची दुपार डोळ्यापुढं उभी राहिली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम. जरा बघून सांगतो," असं म्हणून मी तिथनं पळालो.

४

शुक्रवारी श्रीधर सर माझ्या टेबलाशी आले होते. "अरे, तुझा राखणदार सगळ्यांवर नजर ठेवतो, पण तो स्वतः जागा आहे याचा पुरावा काय? गेटवरचा वॉचमनसुद्धा तासातासाला हजेरी लावतो. याची हजेरी कुठंय?"

बोलणं रास्त होतं. पण घड्याळात साडेचार झालेले, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकलेली, वेरूळला मंडप घालायचा होता. राखणदाराच्या हजेरीची वेगळी फाइल करायला दहा मिनिटं लागली असती. मी दोन मिनिटांत उरकलं. दर पाच मिनिटांनी त्यानं त्याच लॉगमध्ये एक ओळ लिहायची: 'राखणदार हजर'. सरांना दाखवलं, सर खूश झाले, मी गाडीला किक मारली.

समजलं ना काय झालं? राखणदार बघायचा वहीत नवी ओळ आलीय का. आणि वहीत नवी ओळ तो स्वतःच लिहायचा. अकरा बेचाळीसला सर्व्हिस गोठली, पडद्यावर २५.१ तसाच राहिला. अकरा पंचेचाळीसला राखणदारानं लिहिलं, हजर. अकरा पन्नासला त्यानं वही उघडली, ओळ दिसली, तो म्हणाला वा, सगळं चालू आहे. लिहिलं, हजर. दिवा हिरवा. खोली तीसवर गेली, हजर. चाळीसवर गेली, हजर. सत्तेचाळीसवर बाटल्यांमध्ये रोपं उकडत होती आणि माझा शहाणा राखणदार स्वतःचीच हाक ऐकून खूश होत होता.

मी टेबलाशी बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सर्व्हिस कुणी मारली नव्हती. बटन कुणी दाबलं नव्हतं. अठरा हजार रोपं माझ्या एका ओळीनं गेली होती.

आता जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगतो.

आधी मी स्क्रिप्टमधनं ती ओळ काढली. हात तिथं थांबायला पाहिजे होता. थांबला नाही. मी रविवारचा लॉग उघडला आणि आठ ते चारमधल्या सगळ्या 'राखणदार हजर' ओळी निवडून पुसून टाकल्या. शहाण्णव ओळी. मनात एकच चाललं होतं, आता फक्त सर्व्हिसच्या ओळी उरल्या, म्हणजे राखणदारानं सर्व्हिस का उठवली नाही हे देवालाही कळणार नाही. बाईंच्या टेबलावरची आठ छापील पानं त्या घाबरलेल्या डोक्यात आलीच नाहीत. झटक्यात तोही बसला असेल असं म्हणायचं. यंत्र आहे, होतं. कडुबाकाकांचं पत्र? त्याचा विचार मी केलाच नाही. खोटं कशाला बोलू, केला. ते पत्र माझ्या नावाचं नाही, हा विचार केला.

तीन वाजता फोन वाजला. कालिंदीबाई.

"ऋतुराज, रविवारचा लॉग परत एकदा छापून आण. आठ ते चार."

५

मी पानं नेऊन दिली. त्यांनी ती उघडून वाचली नाहीत. बोटाला थुंकी लावून मोजली. मग खणातनं सोमवारची पानं काढली आणि तीही मोजली.

"काल आठ होती," त्या म्हणाल्या. "आज सहा. बाळा, रविवार दोन पानांनी लहान कसा झाला?"

मी टेबलावरच्या दोन गठ्ठ्यांकडं बघत राहिलो.

बाईंनी जुन्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान वर ठेवलं. अख्खं पान एकाच ओळीनं भरलेलं, राखणदार हजर, राखणदार हजर, आणि प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण. "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण तीस वर्षं वह्या तपासल्यात. एकाच वहीत मालक आणि नोकर दोघंही लिहायला लागले की मी आधी त्या वहीकडं बघते. काल संध्याकाळीच मला संशय आला होता. सकाळी तुझं तोंड उघडं राहिलं, तेव्हा खात्री झाली."

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबले." चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. "चूक तर काय रे, माझ्याही हातून होते. साडेअकरा ते तीन, साडेतीन तास दिले मी तुला. त्यात तू हे केलंस."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथंच टेबलावर डोकं टेकलं. रडलो की नाही ते सोडा.

"चार वाजत आलेत," त्या म्हणाल्या. "मी सांगू, की तू सांगशील?"

चार वाजता श्रीधर सरांच्या केबिनमध्ये सगळे होते. सायली, बन्सी, दाराशी टोपी हातात धरून कडुबाकाका. टेबलावर ते पत्र आणि त्यावर उघडं पेन. मी उभा राहिलो. शुक्रवारची ओळ सांगितली, तिनं राखणदारालाच कसं फसवलं ते सांगितलं, आज सकाळी पुसापुशी केली तेही सांगितलं. सांगताना मी बन्सीच्या चपलांकडं बघत होतो.

सरांनी पत्र उचललं, चार तुकडे केले. "पुरावा मागणारा मीच होतो," ते म्हणाले. "पण लॉग पुसलास, हे मात्र माझ्या डोक्यात बसत नाही ऋतुराज. लेखी दे. तुझं काय करायचं ते वरचे ठरवतील. आणि आजच्या आज ते राखणदाराचं नीट कर."

"करतो सर. त्याची हजेरी वेगळ्या फाइलमध्ये. आणि तो आता फक्त तापमानाची ओळ शोधेल. ती दहा मिनिटं आली नाही तर सर्व्हिस उठवेल, तरी आली नाही तर भोंगा."

"आणि काचेचा थर्मामीटर परत टांगा," कालिंदीबाई म्हणाल्या.

सगळं सांगून झालं होतं. फोन सोडून. तो ओठापर्यंत आला होता, पण मी मनाशी म्हणालो, एवढी अब्रू गेली ती बस झाली की. काका तर बोलत नाहीत, मग मी कशाला?

६

थर्मामीटर स्टोअरमध्ये एका खोक्यात सापडला. तो घेऊन मी केबिनमध्ये गेलो. काका खुर्चीत होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

"ते राहू द्या साहेब."

"काका, माझं चुकलं. चारचौघांत बोललो तुम्हाला."

"व्हय. बोललात." त्यांनी खणाकडं बघितलं. मग डब्याच्या पिशवीखालनं एक वही काढून टेबलावर ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. रजिस्टर. मार्चमध्ये मी बंद केलेलं.

"तुम्ही नगं म्हणला व्हता. तरी म्या लिहित राहिलो. मोजायला काय नव्हतं, मग पडद्यावरचा आकडा लिहायचो आन् काचेला तळवा लावून बघायचो. हुकूम मोडला म्हणून कुणाला दाखवलं नाय."

मी रविवारचं पान उघडलं. गोल, सुटं सुटं अक्षर, जसं दुसरीच्या पोराचं असतं.

११.०० पडदा २५.० काच गार
१२.०० पडदा २५.१ काच कोमट
१.०० पडदा २५.१ काच गरम
१.१० ऋतुराज भाऊंना फोन केला. हिरवा आहे तर ठीक म्हणाले.
२.०० पडदा २५.१ काच लई गरम
२.०५ ऋतुराज भाऊंना परत फोन केला. उचलला नाही.
२.१५ परत. उचलला नाही.
३.०० पडदा २५.१ काच लई गरम

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. दोननंतर फोन थरथरला होता, नाव दिसलं होतं. मी ताटावर होतो. 'हा म्हातारा काही जेवू देत नाही' असं म्हणून मी फोन उताणा होता तो पालथा घातला. दोनदा. बहुतेक तेव्हा निम्मी रोपं जिवंत होती.

"हे पान दाखवलं असतंत तर सोमवारीच सुटला असता तुम्ही," मी म्हणालो.

"मंग तुमी गेला असता." त्यांनी खांदे उडवले. "आन् मला वाटलं, तुमी स्वतःहून सांगताल. आज बी वाटलं, चार वाजता."

"सायलीला का नाही केला फोन?"

"तुमी ठीक हाय म्हणला व्हता. तुमच्या वरनं कसा जाऊ म्या?"

ते पान माझ्या हातात होतं. फाडायचं म्हटलं असतं तर सेकंदाचं काम होतं, आणि तो विचार आलाही, इतका मी निलाजरा. मग काकांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'वरील फोनच्या तिन्ही नोंदी खऱ्या आहेत', आणि सही केली. खाली तारीख घातली.

"द्या वही. सरांना दाखवून येतो."

"रजिस्टर केबिनच्या बाहेर जात नसतं साहेब," काका म्हणाले. "त्यांना हितं बोलवा."

मी फोन काढला आणि श्रीधर सरांना लावला. दोन रिंग झाल्या. "सर, जरा कंट्रोल केबिनमध्ये येता? अजून एक सांगायचं राहिलंय."

मी बोलत असताना काका उठले. ग्रोथ रूमच्या काचेला त्यांनी तळवा लावला, थर्मामीटर माझ्या हातात होता तरी. मग खुर्चीत बसले, माझ्याकडनं पेन परत घेतलं आणि नवीन पानावर मंगळवारची ओळ लिहिली. लिहून झाल्यावर वही माझ्याकडं फिरवली, मी वाचावं म्हणून.

५.०० पडदा २५.० काच गार. ऋतुराज साहेबांनी सरांना फोन केला. उचलला.